गोल्डफिशचे घर काचेचे कधी झाले?

गोल्डफिश म्हटले की काचेचे गोल भांडे आठवते. बालवाडीच्या तक्त्यावर, टीव्हीशेजारच्या फळीवर, वाढदिवसाच्या भेटीत, जिथे पाहावे तिथे तेच भांडे आणि त्यात एकटा नारिंगी मासा. हे चित्र इतके अंगवळणी पडले आहे की मासा आणि भांडे ही एकच वस्तू वाटते, आणि बाकीच्या समजुती त्यातूनच निघतात. हा मासा मुळातच लहान, म्हणून त्याला जागा कमी लागते. भांड्याच्या मापाने त्याची वाढ थांबते. तीन सेकंदांपलीकडचे त्याला आठवत नाही, म्हणून कोंडल्याचे दुःखही नाही. आणि त्याचे आयुष्यच दोन-चार महिन्यांचे, तेव्हा मेला तर दुसरा आणावा. ही जणू पिढ्यान्‌पिढ्यांची जाणकारी आहे अशा थाटात हे सांगितले जाते. माझे म्हणणे उलट आहे. गोल्डफिश पाळण्याची जुनी जाणकारी वेगळेच सांगत होती. या समजुती काचेच्या व्यापाराबरोबर आल्या, आणि वर्धा जिल्ह्यातल्या रोहण्यासारख्या गावापर्यंत येताना त्यांच्यामागचा इतिहास वाटेतच सांडला. पोचले ते फक्त भांडे.

आर्वी तालुक्यातले रोहणा काही माशांसाठी प्रसिद्ध नाही. हा कापूस, तूर, सोयाबीनचा मुलूख. 1917 साली सुरू झालेल्या पुलगाव–आर्वी नॅरोगेज रेल्वेवर रोहण्याचे स्टेशन होते, आणि ती रेल्वेही टाकली गेली ती इथला कापूस पुलगावच्या मोठ्या लाइनपर्यंत नेण्यासाठी. पण गोल्डफिशविषयीच्या समजुती पारखायला असेच गाव हवे. मुंबई-पुण्याच्या दुकानात मिळणारा सल्ला तिथल्या हवेपाण्यापुरता तरी निभावून जातो. वैशाखात पंचेचाळीस अंशांवर जाणारा पारा, बोअरचे जड पाणी, ग्रामपंचायतीच्या टाकीत पडणारी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आणि भारनियमनाची जुनी सवय या चौघांपुढे तोच सल्ला उभा केला, की तो किती पोकळ होता ते दिसते.

सुरुवात मात्र चीनपासूनच करावी लागते. गोल्डफिश हा कार्प कुळातला मासा, म्हणजे आपल्या रोहू, कटला, मृगळ यांचा भाऊबंद. त्याचे रानटी पूर्वज मातकट-चंदेरी होते आणि लोक ते खात. त्यांच्यात अधूनमधून एखादा तांबूस-सोनेरी मासा निघे, आणि असा मासा मारण्याऐवजी तळ्यात सोडणे हे बौद्ध परंपरेत पुण्यकर्म मानले जाई. विहारांच्या तळ्यांत असे मासे साठत गेले आणि बाराव्या शतकात, सोंग राजवटीत, हांगचौच्या राजवाड्यांत खास त्यांच्यासाठी तळी राखली जाऊ लागली. म्हणजे या माशाच्या पाळीव आयुष्याची पहिली काही शतके उघड्या तळ्यात गेली. घराच्या अंगणात तो आला मिंग काळात, आणि आला तो मातीच्या, चिनीमातीच्या रुंद तोंडाच्या कुंडांतून. आपल्याकडे गुरांच्या पाण्यासाठी असते त्या नांदीची आठवण व्हावी अशी ही भांडी होती: तोंड रुंद, खोली बेताची, बाजू अपारदर्शक. 1596 मध्ये झांग छियांदे या लेखकाने या माशांवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्याचे दोन भाग आहेत. पहिला माशांच्या रूपाविषयी, दुसरा त्यांच्या जोपासनेविषयी. रूपाला एक भाग, तसाच जोपासनेलाही. आजच्या दुकानात मासा घेणाऱ्याला रूपाबद्दल दहा मिनिटे ऐकायला मिळते आणि जोपासनेबद्दल एक वाक्य, हे लक्षात घेतले म्हणजे चारशे वर्षांत काय हरवले त्याचा अंदाज येतो.

कुंडातला मासा वरून पाहायचा असे. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण सगळा फरक तिथेच आहे. वरून पाहायचे तर तोंड रुंद हवे. तोंड रुंद असले की पाण्याचा मोठा पृष्ठभाग हवेला लागतो, आणि माशाला श्वासासाठी लागणारा प्राणवायू त्याच पृष्ठभागातून पाण्यात उतरतो. पाहण्याची रीत आणि माशाची गरज इथे आपोआप जुळत होत्या. काच आली आणि नजर वरून बाजूला गेली. बाजूने पाहायला उंची लागते, रुंदी लागत नाही. गोल भांडे गळ्यापर्यंत भरले की पाणी वाढते आणि हवेला लागणारा पृष्ठभाग उलट आक्रसतो. शोभेसाठी भांडे जितके भरावे तितका माशाचा श्वास कोंडावा, अशी ही उलटी रचना आहे.

युरोपात गोल्डफिश सतराव्या-अठराव्या शतकांत पोचला, आधी श्रीमंतांच्या बागांत आणि चिनीमातीच्या पात्रांत. तो सामान्यांच्या खिडकीत आला तो काच स्वस्त झाल्यावर. ब्रिटनमध्ये काचेवरचा कर 1845 साली रद्द झाला, आणि त्यानंतर काचेच्या वस्तूंना पूर आला. हेन्री मेह्यूने लंडनच्या गोरगरिबांच्या रोजगारांचे जे प्रचंड वर्णन 1851 मध्ये प्रसिद्ध केले, त्यात रस्त्यावर सोनेरी-रुपेरी मासे विकणाऱ्यांचे स्वतंत्र प्रकरण आहे. पुढे जत्रेत चेंडू मारून जिंकायचे बक्षीस म्हणूनही हा मासा वाटला जाऊ लागला. फेरीवाल्याच्या दृष्टीने विचार करा. मासा लवकर मेला तर गिऱ्हाईक परत येते. भांडे लहान असले तर हातातून नेता येते, टेबलावर मावते, खिशाला परवडते. यात कोणाचे कपट होते असे नाही. पण ‘त्याला एवढेच पुरते’ हे वाक्य माशाच्या अभ्यासातून आलेले नाही, भांड्याच्या किमतीतून आलेले आहे.

गंमत अशी की त्याच लंडनमध्ये, त्याच सुमारास, त्याच माशावर नेमका अभ्यास चालू होता. 1849 साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने बारा गॅलन मावतील असे काचपात्र घेतले, ते अर्धे, म्हणजे सुमारे सत्तावीस लिटर पाण्याने भरले, आणि त्यात दोन छोटे गोल्डफिश व व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती ठेवली. काही दिवसांनी वनस्पतीची जुनी पाने सडू लागली आणि पाणी गढूळले. मग त्याने पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी सडकी पाने खाल्ली, पाणी पुन्हा निवळले आणि मासे तगले. मासा पाणी घाण करतो, ती घाण कोणीतरी पचवावी लागते आणि जिथे ती पचवली जात नाही तिथे मासा टिकत नाही, हे मत्स्यालयशास्त्राचे पहिले सूत्र गोल्डफिशनेच शिकवले. वॉरिंग्टनने हे 1850 मध्ये छापून मांडले. सूत्र विज्ञानाच्या पुस्तकात राहिले आणि बाजारात रिकामे, गोल, वनस्पतीविना भांडे गेले.

या सूत्राचा हिशेब रोहण्याच्या घरात बसून मांडता येतो. मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. पाकिटातल्या दाणेदार खाद्यात पस्तीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात, आणि मत्स्यशेतीतल्या रूढ गणिताप्रमाणे असे एक ग्रॅम खाद्य पोटात गेले की साधारण तीस मिलिग्रॅम अमोनिया पाण्यात येतो. न खाता तळाशी कुजले तरी तो यायचा थांबत नाही. पाच लिटरच्या भांड्यात हा अमोनिया लिटरमागे सहा मिलिग्रॅम होतो, शंभर लिटरच्या हौदात 0.3. खाद्य तेच, मासा तोच, फरक विसपटीचा. त्यातही सगळा अमोनिया सारखा विषारी नसतो. पाण्याचा पीएच सातवरून आठवर गेला की विषारी भाग जवळपास दसपट होतो, आणि तापमान वीसवरून तीस अंशांवर गेले की जवळपास दुप्पट. काळ्या पाषाणातून येणारे विदर्भातले बोअरचे पाणी बहुधा क्षारयुक्त आणि अल्कधर्मी असते. गोल्डफिशला जड पाण्याचे वावडे नाही, पण त्या पाण्यात त्याचीच घाण त्याला अधिक जाळते. म्हणून एकाच मापाचे भांडे मुंबईत दोन महिने चालते आणि इथे दोन आठवड्यांत मासा उलटा तरंगतो. दोष मात्र दुकानदाराने ‘आजारी मासा’ दिला म्हणून त्याच्यावर जातो, नाहीतर कोणाच्या तरी नजरेवर.

पाण्यातल्या या विषावरचा उतारा म्हणजे जिवाणू. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे त्या मानाने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राडस्कीने 1890च्या सुमारास वेगळे काढून दाखवले. ते फिल्टरच्या स्पंजावर, खड्यांवर, भिंतींवर वस्ती करतात आणि ती वस्ती बसायला नव्या टाकीत चार ते सहा आठवडे लागतात. इथे आपल्याकडची एक चांगली सवय आड येते. स्वच्छता म्हणजे लख्ख घासणे, हे आपल्या घरांत पक्के बसलेले. दर रविवारी भांडे रिकामे करायचे, राखेने नाहीतर साबणाने घासायचे, खडे धुवायचे, थेट नळाचे ताजे पाणी भरायचे. मासा सांभाळणाऱ्या घरातली ही सर्वांत प्रेमाची आणि सर्वांत घातक गोष्ट आहे. बसलेले जिवाणू धुऊन जातात आणि अमोनियाचा हिशेब पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. शिवाय पंचायतीच्या पाण्यात टीसीएल नुकतीच पडली असेल तर क्लोरीन कल्ले भाजून काढतो. उपाय अगदी साधा आहे. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी काढावे, बदलीचे पाणी आदल्या दिवशी रुंद तोंडाच्या भांड्यात उघडे ठेवावे म्हणजे क्लोरीन उडून जातो, आणि स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळून परत लावावा. डोळ्यांना हे अर्धवट काम वाटते. माशाला ते पुरते.

उन्हाळ्याचा मुद्दा याहून अवघड. गोल्डफिश समशीतोष्ण प्रदेशातला मासा, अठरा ते चोवीस अंशांच्या पाण्यात सुखी. दुकानात मात्र तो उष्ण पाण्याच्या माशांशेजारी ठेवतात आणि काही जण सोबत हीटरही विकतात. वर्धा जिल्ह्यात त्या हीटरचा काय उपयोग, हे विक्रेत्यानेच सांगावे. वीस अंशांना लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, पस्तीस अंशांना सुमारे सात. पाणी तापते तशी माशाची भूक आणि श्वासाची गरज वाढते आणि पुरवठा नेमका तेव्हाच घटतो. त्यात वीज गेली की एअर पंप बंद. अशा वेळी काय वाचवते? रुंद पृष्ठभाग, जास्त पाणी आणि सावली. विदर्भाच्या कोरड्या हवेत उघड्या पृष्ठभागावरून बाष्पीभवन जोरात होते आणि पाणी थंड राहते. घरोघरचा कुलर त्याच तत्त्वावर चालतो. पडवीतली सावलीतली सिमेंटची टाकी मेमध्ये दिवाणखान्यातल्या काचेच्या भांड्यापेक्षा माशाला किती तरी बरी. पाणी मात्र रोज थोडे भरून काढावे लागेल, आणि टंचाईच्या दिवसांत हे ओझे खरेच आहे.

आपल्याकडे मासे सांभाळण्याची परंपराच नव्हती, म्हणून विलायती भांडे जसेच्या तसे घेतले, असे कोणी म्हणेल तर तेही खरे नाही. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मत्स्यविनोदाचे प्रकरण आहे. त्यात तीसहून अधिक माशांची नावे, त्यांचे वावरण्याचे पाणी आणि कोणता मासा काय खातो याचा तपशील आहे. हेतू गळ टाकून धरण्याचा आहे, दयेचा नाही. पण दख्खनमधल्या माणसाला प्रत्येक माशाचे पाणी आणि खाणे वेगळे असते हे ठाऊक होते, एवढे त्यावरून सिद्ध होते. दया पाहायची तर महाडजवळच्या वाळणकोंडात जावे. वरदायिनी देवीचे मासे म्हणून तिथल्या खोल डोहातल्या महसीरांना कोणी हात लावत नाही, भाविक त्यांना खायला घालतात. वाडा गावाजवळ तिळसे इथे वैतरणेच्या डोहातही तसेच आहे. आपल्या संस्कृतीत पूज्य मासा होता, पण तो वाहत्या, खोल, स्वतःच्या पाण्यात होता. त्याला घरी आणावे असे कोणाला सुचले नाही. तिकडे बंगालात मत्स्यबीज मातीच्या हंड्यांतून लांब नेताना वाहक वाटभर पाणी हाताने हलवत राहत. प्राणवायू हा शब्द त्यांच्याजवळ नव्हता. हलवलेल्या पाण्यात पिलू जगते, एवढे त्यांना माहीत होते.

मग विदर्भातल्या खेड्यात न खाण्याचा मासा टाकीत ठेवणे आले कुठून? माझ्या मते त्याचा बराच भाग आरोग्य खात्याकडे जातो. डासांच्या अळ्या खाण्यासाठी गंबुसिया मासा भारतात 1928 साली आणला गेला, गप्पी त्याच्याही आधी. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात गप्पींच्या पैदाशीच्या टाक्या असतात, आणि हिवताप-डेंग्यूच्या मोसमात ते हौदांत, विहिरींत, साचल्या डबक्यांत सोडले जातात. गप्पी तीन-चार सेंटीमीटरचा, कशाही पाण्यात तगणारा, काही न घालता वाढणारा. टाकीतला मासा म्हणजे असा, हे माप खेड्याने त्याच्यावरून ठरवले आणि पुढे आलेल्या गोल्डफिशलाही तेच लावले. गोल्डफिश मात्र नीट वाढला तर वीस ते तीस सेंटीमीटरचा होतो. बाजारात येते ते त्याचे पिलू. रोहूची बोटुकली दाखवून कोणी ‘हा मासा एवढाच असतो’ म्हटले तर ढिवराचे पोरही हसेल. गोल्डफिशबाबत मात्र सगळे माना डोलावतात.

शहरांकडून आलेला दुसरा प्रवाह शोभेचा आणि शुभाचा. 1951 साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि शाळांच्या कित्येक सहलींनी तिथे काचेआडचा मासा पाहिला. काच दिसली, काचेमागचे पंप, गाळण्या आणि राबणारी माणसे दिसली नाहीत. मग गेल्या तीसेक वर्षांत फेंगशुई आली. नऊ मासे ठेवावेत, आठ सोनेरी आणि एक काळा. काळा मासा घरावरचे अरिष्ट स्वतःवर घेतो. मासा मेला तर समजावे की संकट टळले, लगेच दुसरा आणावा. पुढे वास्तुशास्त्राच्या नावाखाली ईशान्य दिशाही ठरली. काचेची मत्स्यपेटी ही गोष्टच एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरची, तेव्हा प्राचीन वास्तुशास्त्रात तिची दिशा कशी सापडावी, हा प्रश्न कोणी विचारत नाही. श्रद्धेशी माझे भांडण नाही. पण या एका समजुतीने जे केले ते कुठल्याही फेरीवाल्याला जमले नसते. माशाचा मृत्यू हा सांभाळणाऱ्याच्या चुकीचा पुरावा असतो, तिने तो मालकाच्या भाग्याचा पुरावा केला. साठ लिटरच्या पेटीत नऊ गोल्डफिश ठेवले तर मासे मरणारच, संकट असो वा नसो. आणि काळा मासा म्हणून जो विकला जातो तो बहुधा ब्लॅक मूर, बाहेर आलेल्या डोळ्यांचा, अधू नजरेचा, पोहण्यात मंद. चपळ माशांच्या गर्दीत त्याला खाणे मिळत नाही, म्हणून तोच आधी जातो. भाकीत खरे ठरते आणि श्रद्धा आणखी घट्ट होते.

स्मरणशक्तीची समजूत तर उघड सोयीची आहे. तीन सेकंदांत सगळे विसरणाऱ्याला भांडे दर फेरीला नवे वाटत असणार, मग कसली कैद? प्रत्यक्षात दीर्घ स्मृती मेंदूत कशी पक्की होते याच्या अभ्यासातला एक पायाभूत टप्पा गोल्डफिशवरच गाठला गेला. 1960च्या दशकात मिशिगन विद्यापीठात बर्नार्ड अॅग्रनॉफ यांनी गोल्डफिशना दिव्याची खूण पाहून टाकीच्या दुसऱ्या बाजूला जायला शिकवले. नाही गेले तर विजेचा सौम्य धक्का. मासे हे कित्येक दिवसांनंतरही विसरले नाहीत. शिकवल्याबरोबर प्रथिननिर्मिती रोखणारे औषध दिले तरच आठवण पुसली गेली. मासा मुळात विसराळू असता तर या प्रयोगात पुसायला काही उरलेच नसते. भांड्यापुरती वाढ आणि तुटपुंजे आयुष्य याही गोष्टी एकाच कारणाच्या आहेत. खराब पाण्यात मासा खुरटतो, आणि खुरटणे म्हणजे जुळवून घेणे नव्हे. इंग्लंडात 1956 मध्ये जत्रेत जिंकलेला टिश नावाचा गोल्डफिश 1999 साली, त्रेचाळीस वर्षांचा होऊन मेला. तो अपवाद मानला तरी दहा-पंधरा वर्षे जगणारे गोल्डफिश नवलाईचे नाहीत.

या सगळ्यावर पहिला आक्षेप अनुभवाचा येतो: अमक्याच्या भांड्यात मासा तीन वर्षे जगला, त्याचे काय? जगला असेल. गोल्डफिशचा चिवटपणा खराच आहे, आणि त्याचे कारणही आता कळले आहे. प्राणवायू संपला की गोल्डफिश आणि त्याचा चुलतभाऊ क्रूशियन कार्प शरीरातल्या लॅक्टिक आम्लाचे मद्यार्क करून ते कल्ल्यांवाटे बाहेर सोडतात. हा रासायनिक मार्ग 2017 मध्ये नॉर्वे आणि इंग्लंडच्या संशोधकांनी उलगडला. पण ही सोय बर्फाखाली गोठलेल्या तळ्यात, थंडीने शरीर मंदावलेले असताना हिवाळा काढण्यासाठी आहे. तापलेल्या पाण्यात ती फार काळ साथ देत नाही. मासा किती सोसू शकतो आणि त्याला काय हवे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लावत आलो. शिवाय जगलेल्या माशाची गोष्ट सांगितली जाते, मेलेले मोजले जात नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार. आपण रोहू किलोवर तोलून खातो, निम्न वर्धा धरणातले मासे आर्वीच्या बाजारात विकतो, मग एका शोभेच्या माशासाठी एवढे अवडंबर का? कायद्याने याचे उत्तर 1960 मध्येच दिले आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, म्हणजे मासाही आला. हालचालीला पुरेशी लांबी-रुंदी-उंची नसलेल्या पिंजऱ्यात किंवा पात्रात प्राणी ठेवणे त्याच कायद्याच्या अकराव्या कलमाने गुन्हा आहे, आणि अन्नासाठी प्राणी मारण्याला, अनावश्यक यातना न देण्याच्या अटीवर, त्याच कलमात सवलत आहे. खाण्यासाठी मारणे आणि पाहण्यासाठी कोंडणे यांतला फरक कायदा करणाऱ्यांना दिसला होता. 2005 मध्ये रोम शहराने गोल भांड्यांवरच बंदी आणली तेव्हा आपल्याकडे त्याची थट्टा झाली असती. आपल्याच कायद्यात ते पंचेचाळीस वर्षे आधीच बसत होते.

पुढचा आक्षेप चिन्यांवर येतो. तळी-कुंडांची एवढी थोरवी, पण डोळे बाहेर आलेले, पाठीचा पर नसलेले, डोळ्यांखाली द्रवाच्या पिशव्या लोंबणारे मासे घडवले कोणी? हा आक्षेप मला मान्य आहे. त्या परंपरेने पाणी सांभाळले आणि देह वाकवला. गोलमटोल ओरांडा किंवा रँचूच्या पोटात आतडी आणि वाताशय दाटीने बसतात, म्हणून तो वारंवार तिरपा होतो. नव्याने मासा घेणाऱ्याने साधा, लांब अंगाचा गोल्डफिश घ्यावा, हे त्यावरचे व्यवहारी उत्तर. पण देह वाकवणाऱ्यांनीही तो देह रुंद, उथळ पाण्यातच जगवला. एकाने केलेल्या अन्यायावरून दुसरा माफ होत नाही.

उरतो खर्चाचा प्रश्न, आणि खेड्यात तोच खरा. मोठी काचेची पेटी, फिल्टर, पंप हे सगळे शेतमजुराच्या पोराला कुठून परवडणार? परवडणार नाही, आणि गरजही नाही. काच ही पाहणाऱ्याची गरज आहे. दोनशे लिटरची सिमेंटची टाकी किंवा जुना हौद, वर निम्मी सावली, मांजर-बगळ्यापासून जाळी, तळ्यातून आणलेली थोडी पाणवनस्पती, आणि दोन मासे. नऊ नव्हे, दोन. खाणे दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच. गोल्डफिशला पोटाची पिशवी नसते, खाल्लेले सरळ आतड्यात जाते, त्यामुळे तो सदा भुकेला दिसतो आणि घरातले प्रत्येक जण त्याला चिमूटभर घालून जाते. डासांच्या अळ्या तो स्वतः खातो, म्हणजे आरोग्य खात्याचेही काम होते. सिमेंट नवे असेल तर चुन्याचा अंश निघून जाईपर्यंत काही आठवडे पाणी भरून-ओतून घ्यावे, एवढी एकच तसदी जास्तीची.

आणि मासा हौदालाही मोठा झाला, किंवा घर बदलले, किंवा कंटाळा आला, तर त्याला धरणात सोडू नये. पुण्य म्हणून तर मुळीच नाही. हा तळ उकरणारा मासा आहे. तो पाणी गढूळ करतो, वनस्पती उपटतो, आणि दुकानातले रोग धरणातल्या रोहू-कटल्यापर्यंत नेतो. ऑस्ट्रेलियातल्या नद्यांत सोडून दिलेले गोल्डफिश दीड-दोन किलोंचे झाले आहेत. महाराष्ट्रात उजनीच्या जलाशयात शोभेच्या पेट्यांमधून सुटलेला सकर मासा भोयांची जाळी फाडतो आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. निम्न वर्धेच्या पाण्यावर ज्यांची चूल पेटते त्या भोई-ढिवरांना असला पाहुणा नको आहे. नको झालेला मासा ज्याच्याकडे हौद आहे त्याला द्यावा किंवा दुकानात परत करावा. नागपूरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, तिथे विचारून पाहावे.